सावलीचं स्टूल

हाशमभाईंच्या मंडळात नियम एकच होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. सुरू झालेलं पुस्तक मध्ये थांबत नाही.

नियमामागे किस्सा होता. मंडळ नवं असताना एका अभिवाचनात मुख्य वाचकाला वाचता वाचता घेरी आली. त्याला रिक्षात घालून नेलं आणि खून कुणी केला हे न कळताच प्रेक्षक घरी गेले. पुढे कित्येक दिवस हाशमभाई टेम्पोच्या सुट्या भागांच्या आपल्या दुकानात बसले की गिऱ्हाईक ब्रेकचे लायनर मागायच्या आधी विचारायचं, "भाई, वो खून किसने किया की?" हाशमभाईंनी याचा धसका घेतला. तेव्हापासून प्रत्येक मुख्य वाचकाच्या मागे, डाव्या अंगाला, उजेडाच्या कडेबाहेर एक स्टूल आलं. त्या स्टुलावर बसणाऱ्याला मंडळी सावली म्हणत. सावलीच्या मांडीवर तीच संहिता, तीच पानं. वाचक वाचेल तसतसं सावलीनं ओळीखालून बोट न्यायचं. वाचकाचा आवाज तुटला, की पुढच्या शब्दापासून सावलीनं उचलायचं. आणि एकदा उचललं की परत द्यायचं नाही. वाचकानं फाइल मिटायची आणि शेवटपर्यंत तिथंच, उजेडात बसून राहायचं.

हा शेवटचा भाग सावित्रम्मांनी घातलेला. त्या स्वतः कधीकाळी अमरेश वकिलांच्या सावली होत्या. वकिलांचा घसा बसला, सावित्रम्मांनी उचललं आणि वकील थोडं पाणी पिऊन परत वाचायला सरसावले, तर सावित्रम्मा थांबल्याच नाहीत. वाचन संपल्यावर म्हणाल्या, "एका तोंडातनं दुसऱ्या तोंडात, दुसऱ्यातनं पुन्हा पहिल्यात. उष्टं दिसतंय ते." हाशमभाईंना ते पटलं. वकील पुन्हा मंडळात आले नाहीत. सावित्रम्मा खुर्चीवर बसल्या त्या बसल्याच आणि सगळ्या सोलापूरच्या अक्का झाल्या.

राजनंदिनी सहा वर्षं त्यांची सावली होती.

ती मूळची जेऊरची. सायन्स करून सात रस्त्यावरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलेली. सकाळी लोकांचं रक्त घ्यायचं, दुपारी मशिनं चालवायची, संध्याकाळी जवळच्याच वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तालमीला जायचं. पहिल्या दिवशी तिला चाचणी म्हणून एक उतारा दिला, तर ती "पाण्याला" या शब्दाला "पान्याला" म्हणाली. अक्का एवढ्या हसल्या की त्यांचा चष्मा मांडीवर पडला. त्या स्वतः दुधनीच्या, घरात कन्नड, बाजारात गावरान मराठी. पण खुर्चीवर बसून फाइल उघडली की त्यांच्या तोंडून अशी लखलखीत भाषा निघे की नवा माणूस इकडेतिकडे बघून घेई, हीच का ती बाई म्हणून.

"आवाज बरा हाय पोरीचा," त्या हाशमभाईंना म्हणाल्या होत्या, "पन वापरायची गरज न्हाय. सावली करा माझी."

राजनंदिनीची तेवढीच गरज होती, असं अक्कांनी पुढे सहा वर्षं कुणाला विसरू दिलं नाही. पाहुण्यांशी ओळख करून देताना म्हणत, "ही माझी सावली. लई गुणाची. बोलत न्हाय." चहा आला की, "सावलीला अर्धाच द्या, तिला कुटं घसा लागतोय." एकदा शेजारच्या शाळेतली बाई कौतुकानं राजनंदिनीला म्हणाली, की तुम्हीही वाचत असाल ना कधी? त्यावर अक्काच बोलल्या, "वाचते की. बोटानं."

राजनंदिनी हसायची. तिला खुर्ची हवी होती. दुसरं काही नको होतं. अक्कांची माफी नको होती, मोठ्या गावची बोलावणी नको होती. तिला त्या खुर्चीवर बसून त्या जुन्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचायचं होतं, आणि लोकांनी ते तिच्या तोंडून ऐकावं एवढंच.

कादंबरी शंभरेक वर्षांपूर्वीची. दरवर्षी गड्ड्याची जत्रा भरायच्या आधीच्या रविवारी मंडळ तिचं वाचन करी. गोष्ट सगळ्यांना पाठ होती, तरी हॉल भरायचा. दरोड्याच्या गुन्ह्यातून पळालेला एक तरुण दुसऱ्या गावात दुसऱ्या नावानं राहतो. पुढे संशयावरून पकडला जातो. तो कोण हे ओळखायला कोर्ट त्याच्या म्हाताऱ्या आईला बोलावतं. न्यायाधीश विचारतात, "हा तुमचा मुलगा का?" हो म्हटलं तर फाशी. आई त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "नाही." त्यानंतर पानभर ती मनाशी बोलते. कानामागचा डाग तिनं पाहिलेला असतो. आता तो जगेल, पण दुसऱ्याच्या नावानं, आणि आपल्या दारात कधीही येऊ शकणार नाही, हे तिला कळलेलं असतं. त्या पानावर बायका पदर डोळ्याला लावत. मग पहारेकरी दार लावतो आणि पुस्तक संपतं.

अक्कांची सगळी कीर्ती त्या प्रश्नाच्या आणि त्या उत्तराच्या मधल्या जागेत होती. "हा तुमचा मुलगा का?" असं विचारून त्या नजर वर उचलत आणि थांबत. नुसत्या थांबत. हॉलमधले पंखे ऐकू येत. लोकांना उत्तर माहीत असूनही वाटे, यंदा ही हो म्हणेल. मग नजर खाली न आणताच त्या "नाही" म्हणत. लोक तिकीट काढून येत ते या थांबण्यासाठी.

त्या वर्षी नेमकी तेव्हाच खालून वरात गेली.

अक्कांनी प्रश्न विचारला, नजर उचलली आणि रस्त्यावर बँड सुरू झाला. त्या बँडमध्ये "नाही" बुडालं असतं. अक्का थांबल्या. बँड सात रस्त्याच्या चौकाकडे सरकेपर्यंत थांबायचं त्यांनी ठरवलं असणार, कारण त्यांची मान तशीच ताठ होती. विराम नेहमीपेक्षा लांबला. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. विंगेत हाशमभाई एक पाऊल पुढे आले.

हॉलमधल्या सगळ्या माणसांना अक्कांचा चेहरा दिसत होता. त्यांचा डावा हात मात्र एकट्या राजनंदिनीला दिसत होता. अक्कांच्या फाइलमधल्या प्रत्येक पानाचा खालचा कोपरा कानासारखा दुमडलेला असे, आणि पान उलटायचं झालं की त्यांचा अंगठा आधीच त्या कानाखाली जाऊन बसे. आताही अंगठा तिथंच होता. कानाखाली, तयार. जागा चुकलेल्या माणसाचा हात असा नसतो. तो पानावर फिरतो, ओळी शोधतो. राजनंदिनीनं हे सहा वर्षं पाहिलं होतं आणि त्या क्षणीही अगदी स्वच्छ पाहिलं.

बँड लांब गेला. अक्कांनी श्वास घेतला.

"नाही," राजनंदिनी म्हणाली.

तिचा आवाज मागून, अंधारातून आला. हॉलमध्ये एक हलकी कुजबुज उठून विरली. अक्कांची मान किंचित वळली आणि वळता वळता थांबली, कारण वाचकानं मागे बघायचं नाही हाही नियमच होता. राजनंदिनी पुढे वाचत गेली. तो डाग, ते दार, तो दुसऱ्या नावानं जगणारा मुलगा. तिचा आवाज सुरुवातीला थरथरला आणि ते त्या आईला शोभून दिसलं. अक्कांनी फाइल मिटली. मांडीवर ठेवली. त्यावर दोन्ही हात ठेवले. आणि स्वतःच घातलेल्या नियमाप्रमाणे, शेवटचा शब्द होईपर्यंत, भर उजेडात बसून राहिल्या.

टाळ्या पडल्या. त्यानंतर जे झालं त्याचा अंदाज राजनंदिनीलाही नव्हता. तिला वाटलं होतं अक्का चिडतील, तमाशा करतील, लोक दोन बाजूंना होतील. पण अक्कांना चिडायला कुणी जागाच दिली नाही. लोक त्यांच्याभोवती जमले ते आजारी माणसाभोवती जमतात तसे. एकानं खुर्ची पुढे केली. एकीनं पर्समधून गोळी काढून दिली, लिमलेटची.

"अक्का, शुगर तपासली का अलीकडे?"

"माझ्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं."

"मी थांबले होते," अक्का म्हणाल्या. "वरात चालली होती. मी विराम घेतला होता."

"हो, हो," सगळे म्हणाले. "बसा तुम्ही. बोलू नका."

अक्कांनी गर्दीतून राजनंदिनीकडे पाहिलं. "हिला इचारा. हिनं बघितलंय."

सगळे राजनंदिनीकडे वळले. ती खाली बघत म्हणाली, "अक्का, मी फार वेळ वाट बघितली. मग नियम आठवला." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते का आलं हे तिलाही कळलं नाही, पण ते फार उपयोगी पडलं.

हाशमभाईंनी न्याय केला तो त्यांच्या परीनं मऊच होता. अक्कांनी सगळ्या तपासण्या करून घ्याव्यात, रिपोर्ट दाखवावा, मग पुढच्या वाचनाला खुर्चीवर कोण ते बघू. "गाडी बंद पडली की पहले इंजन देखते," ते म्हणाले. "फिर ड्रायव्हर को बोलते."

दोन दिवसांनी सकाळी अक्का लॅबमध्ये आल्या. उपाशीपोटी, एकट्या. दुसऱ्या लॅबमध्ये जाता आलं असतं, पण त्या इथंच आल्या, आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "राजनंदिनीच घेईल रक्त."

राजनंदिनीनं दंडाला रबरी पट्टा बांधला. अक्कांची शीर सापडायला सोपी होती, मनगटापर्यंत उठून आलेली.

"मूठ आवळा."

"आवळते. सगळं घेतलंस, हे बी घे."

राजनंदिनीनं सुई घातली. नळीत रक्त चढू लागलं. अक्का त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "अंगठा दिसला व्हता का न्हाय तुला?"

"कसला अंगठा?"

"बरं." अक्कांची नजर नळीवरच होती. "अमरेशचा घसा खरंच बसला व्हता. मी बघितलं व्हतं."

"मी पण बघितलं, अक्का. मूठ सोडा आता."

कापूस दाबून अक्कांचा हात दुमडला. त्या उठल्या नाहीत. पडद्याबाहेर कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. अक्कांनी आवाज खाली आणला. सहा वर्षांत राजनंदिनीनं त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता, स्टेजवरही नाही.

"शुगर कशी येईल?"

"उद्या कळेल."

"मला ठावं हाय. चांगलीच येईल. आमच्या घरात कुनालाच न्हाय." त्यांनी कापूस बोटांत फिरवला. "जरा वाढवून लिही की."

"काय?"

"आकडा. थोडा वाढवून लिही. शुगर वाढली म्हनलं की लोक म्हनतील, चक्कर आली असंल, गोळी घेतली की बरी व्हईल. दोन महिन्यांनी परत तपासू, उतरली म्हनू. मी खुर्चीवर, तू तुझ्या स्टुलावर. मी कुनाला काई बोलनार न्हाय. त्या रातीचं बी न्हाय." त्या खुर्चीतच पुढे वाकल्या. "पाया पडू का तुझ्या?"

राजनंदिनी नळीवर नावाची चिठ्ठी चिकटवत होती. तिनं ती नीट दाबली, कडा उचलल्या जाऊ नयेत म्हणून नखानं पुन्हा एकदा घासली.

"खोटा रिपोर्ट देता येत नाही, अक्का," ती म्हणाली. "माझी नोकरी जाईल. आणि ते बरोबरही नाही."

हे म्हणताना तिला खरोखर आपण प्रामाणिक आहोत असं वाटलं. लॅबमध्ये तिनं आजवर एकही आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. ती त्याबद्दल प्रसिद्ध होती.

रिपोर्ट आला. साखर, तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड, रक्तातलं लोह, सगळं जिथल्या तिथे. हाशमभाईंनी तो तालमीच्या वेळी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हौ! सब नॉर्मल. अक्का, तुम तो हमारे से बी जवान निकले. मग प्रश्नच मिटला की."

कुणीतरी टाळीही वाजवली. अक्का बसल्या जागी थोड्या सरळ झाल्या. त्यांनाही एक क्षण वाटलं असावं की सुटलो.

"भाई," राजनंदिनी हळूच म्हणाली, "एक सांगू का?"

"बोल बेटा."

"साखर वाढलेली निघाली असती तर बरं झालं असतं. गोळीनं उतरली असती, कारण सापडलं असतं. पण सगळं नॉर्मल आहे म्हणजे..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. मग अक्कांकडे मायेनं बघत केलं. "म्हणजे मग वय. त्याला गोळी नसते."

रिपोर्ट अजून टेबलावर होता, पण आता तो सगळ्यांना वेगळाच दिसू लागला. प्रत्येक नॉर्मल आकडा अक्कांविरुद्ध उभा राहिला. हाशमभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. शेवटी म्हणाले, की यंदा उन्हाळ्यातलं वाचन राजनंदिनी करेल. अक्कांचा मान आहेच. त्यांना हवं असेल तर... आणि इथं त्यांनाही बोलणं जड गेलं... मंडळात दुसरी जागा तेवढी एकच आहे.

सगळ्यांना वाटलं, अक्का उठून जातील, वकील गेले तसे. मंडळींनी त्यांच्या सत्काराची शालसुद्धा मनातल्या मनात आणली.

"बसते की सावली," अक्का म्हणाल्या. "बोट तर चालतंय अजून."

राजनंदिनी त्या रात्री समाधानानं झोपली. तिथंच तिचं चुकलं, पण ते कळायला उन्हाळा यायचा होता.

वाचन दुधनीला ठरलं होतं. अक्कांचा भाचा बसवेश तिथं अडत दुकान चालवायचा. गावच्या व्यापाऱ्यांच्या हॉलमध्ये आत्याचं वाचन व्हावं म्हणून त्यानंच वर्गणी जमवली होती. खुर्ची बदलल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हाशमभाईंचा टेम्पो हॉलसमोर लागला तर दारावर भला मोठा फ्लेक्स: अक्कांचा हार घातलेला फोटो, खाली 'आपल्या दुधनीच्या कन्येचा आवाज ऐका'.

"आत्या, लई गर्दी हाय," बसवेश आनंदानं म्हणाला. "कर्नाटकातनं बी लोक आलेत."

"हिला सांग," अक्का राजनंदिनीकडे बोट करून म्हणाल्या. "वाचनार ही हाय. मी मागं."

बसवेशनं फ्लेक्सकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि हात जोडून राजनंदिनीचं स्वागत केलं. त्याच्या जोडलेल्या हातांत एवढीशीही खुशी नव्हती. दारात उभ्या असलेल्या बायका कन्नडमध्ये आपसात बोलल्या. राजनंदिनीला एक शब्द कळला नाही, पण सूर सगळा कळला.

तिनं या वाचनासाठी नवी संहिता छापून घेतली होती. अक्कांची जुनी फाइल नको होती तिला. ती कान दुमडलेली, तेलकट बोटांचे डाग पडलेली पानं. नवी प्रत मोठ्या टायपात, चांगल्या गुळगुळीत कागदावर, अजून कडा धारदार. तिचीच दुसरी प्रत सावलीला. सोलापुरातल्या तालमीत अक्कांनी त्या कोऱ्या पानांवरून एकदा अंगठा फिरवला होता, कडा वेगळ्या होतात का ते पाहिलं होतं. नंतर रोज तालमीला येऊन त्या आपल्या प्रतीचा एकेक कोपरा दुमडत बसत. राजनंदिनीला त्या काहीच म्हणाल्या नाहीत.

तालमीत राजनंदिनी त्या प्रश्नापाशी कधीच थांबली नव्हती. "हा तुमचा मुलगा का नाही," असं एका दमात निघून जाई. हाशमभाई म्हणत, "बेटा, सांस तो लेव. विराम घे की." ती मान डोलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तसंच. थांबलं की मानेवर मागून कुणीतरी श्वास सोडतंय असं वाटे. थांबलं आणि मागून "नाही" आलं तर?

पण त्या संध्याकाळी, फ्लेक्सवरचा तो हारातला फोटो बघून आल्यावर, तिनं ठरवलं की आज थांबायचं. याच गावात, याच लोकांसमोर. खुर्ची मिळाली तरी ती जागा अजून अक्कांचीच होती, आणि आज तीही घ्यायची.

वाचन रंगलं. दुधनीकर सुरुवातीला हाताची घडी घालून बसले होते, हळूहळू घड्या सुटल्या. शेवटचं प्रकरण आलं. हॉलमध्ये उकडत होतं. पत्र्याचं छप्पर दिवसभराचं ऊन अजून सोडत होतं आणि राजनंदिनीच्या बोटांना घाम आला होता.

"हा तुमचा मुलगा का?"

तिनं नजर उचलली. थांबली. मागे काही हललं नाही. श्वासही नाही. अक्का उचलत नव्हत्या. समोरची माणसं हलायची थांबली आणि राजनंदिनीला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की ती जागा आतून कशी असते. केवढी मोठी आणि केवढी आपली.

"नाही," ती म्हणाली, आणि पान उलटलं.

दोन पानं उलटली. नवे, गुळगुळीत, घामानं एकमेकांना चिकटलेले कागद. समोर ओळ होती: 'पहारेकऱ्याने दार लावले.' आईचं पानभर बोलणं नव्हतंच.

ती थांबली. पहिल्यांदा लोकांना तो विरामच वाटला, आणि फार सुंदर वाटला. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. राजनंदिनी नखानं पानं सुटी करायला बघत होती. कडा सापडत नव्हती. सहा वर्षं तिनं हा उतारा बोटानं वाचला होता. ओळ बोटाखाली असायची, पाठ कधीच नव्हती; वरातीच्या रात्री आणि तालमीतही ती कागदावरूनच आली होती. पहिला शब्द आठवला असता तर बाकीचे आले असते. तो येईना.

मागे बोट ओळीवर टेकलेलं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिला ते ऐकूही येत होतं. कागदावर नखाची अगदी बारीक टकटक. त्या शब्दावर. एकाच शब्दावर.

पंखे फिरत होते. मागच्या रांगेत कुणीतरी मोबाइल काढला. हाशमभाई विंगेतून हातानं खुणा करत होते, तिला नाही, तिच्या मागे: उचला, उचला. टकटक चालूच होती. आवाज येत नव्हता. मागे वळून बघायची मुभा नव्हती. हॉलमध्ये पहिली खुर्ची सरकली, कुणीतरी हसलं, आणि बसवेशचा आवाज आला, "विसरली वाटतं."

राजनंदिनीनं समोर होतं ते वाचलं. "पहारेकऱ्याने दार लावले." आणि पुस्तक संपलं.

टाळ्या तुटक आल्या. पुढच्या रांगेतली ती म्हातारी उठता उठता शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "एवढंच? पोराला नाही म्हनली आन् गेली? असली कसली आई म्हनायची!" बसवेश तिला स्टेजच्या पायऱ्यांपाशी गाठून विचारू लागला, "ताई, ती 'नाही' का म्हणाली ते ऱ्हायलंच की. आत्या वाचायची तेव्हा तिथं सगळे रडायचे." दोघीतिघी तिच्या जवळ आल्या. त्यांतल्या एकीनं पर्समध्ये हात घातला.

"ताई, शुगर बिगर तपासली का?"

हाशमभाई सगळ्यांना बाजूला सारत आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. इतक्या वर्षांत पुस्तकाचं पान गळण्याची ही पहिलीच वेळ. ते राजनंदिनीला ओलांडून सरळ स्टुलाशी गेले. अक्का तिथंच बसून होत्या, मांडीवर उघडी प्रत, बोट अजून ओळीवर.

"अक्का, तुम उठाये कायकू नहीं? जागा तो तुमको मालूम थी!"

अक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"मला वाटलं विराम घेतीय."

"इतना लंबा?"

"काय सांगू हाशमभाई. पयलं मला कळायचं विराम कुठला आन् चुकलेलं कुठलं." त्यांचा आवाज म्हातारा, दमलेला झाला होता. तोच आवाज अक्का कादंबरीतल्या आईसाठी वापरत. "आता कळत न्हाय. आपल्या मंडळातच ठरलंय न्हवं? रिपोर्ट नॉर्मल आला. म्हंजे वय. त्याला गोळी नसती."

हाशमभाईंनी मान डोलावली. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. सुटे भाग विकून विकून त्यांना ढिल्या भागाचा आवाज कळत होता. ते हळूच राजनंदिनीकडे वळले.

"बेटा, सच बोल. सहा साल तू इनके पीछे बैठी. तेरे को मालूम. अक्का को सच्ची नहीं समजा होगा, की समज के चुप बैठे?"

बसवेश बघत होता. लिमलेटची गोळी हातात धरून ती बाई बघत होती. समजून गप्प बसल्या म्हणावं, तर अक्कांचं डोकं शाबूत होतं, आणि मग त्या वरातीच्या रात्रीही होतं. नाही समजलं म्हणावं, तर आज पान एकट्या राजनंदिनीनं गाळलं होतं, आणि मागे हीच म्हातारी बसणार होती, यापुढच्या प्रत्येक वाचनाला, बोट शब्दावर ठेवून.

राजनंदिनीनं तोंड उघडलं. शब्द आला नाही.

अक्कांनी थोडा वेळ वाट बघितली. मग मांडीवरची प्रत मिटली आणि अगदी मायेनं विचारलं,

"उचलू का गं?"